बोलावल्यावर येणारा माणूस



आयुष्यभर मी गुरांचा डॉक्टर होतो. सरकारी कागदावर पशुधन विकास अधिकारी, गावात 'ढोरांचा डाक्टर'. त्यामुळे आज मी गुरांच्या लम्पी आजारावर किंवा दूधधंद्यावर बोलेन, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. पण ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते, त्या आपल्या ग्रंथपालांनी मी नोकरीला नवा असताना एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं होतं. त्या पुस्तकाबद्दल आणि ते लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला बोलायचं आहे. पुस्तकाचं नाव 'ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल', लेखक जेम्स हेरियट. इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशर परगण्यात जनावरांची डॉक्टरकी करणारा हा माणूस. त्याची पुस्तकं जगभर कोट्यवधी प्रतींनी खपली. ती वाचणाऱ्यांतल्या बहुतेकांनी गाईच्या शिंगाला कधी हातही लावला नसेल. तरी दुखण्यातून उठताना, घरातलं माणूस गेल्यावर, झोप उडालेल्या रात्री लोक ही पुस्तकं उशाशी घेतात. गुरांच्या डॉक्टरच्या आठवणीत माणसाला एवढा दिलासा का मिळावा?

'तिथला निसर्ग सुंदर आहे' हे उत्तर मला पटत नाही. निसर्ग सुंदर आहेच. पण त्यासाठी चित्रांचं पुस्तक पुरतं. 'जनावरं निष्पाप असतात' हेही तितकंसं खरं नाही. निष्पाप म्हैस लाथ मारते तेव्हा गुडघा महिनाभर सुजलेला राहतो. उत्तर शोधायचं तर गोठ्यात शिरायला हवं.

पुस्तकाची सुरुवातच गोठ्यात होते. रात्र, दारातून आत येणारा बर्फ, दगडी फरशी. कमरेपर्यंत उघडा असलेला तरुण डॉक्टर पालथा पडलेला आणि त्याचा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत. वासराची मान मागे वळलेली आहे. अशा वेळी काय होतं ते मी तुम्हाला सांगतो, कारण ज्याने हे केलेलं नाही त्याला त्या पानाचं वजन कळणार नाही. डोळ्यांचा काही उपयोग नसतो. बोटांनीच ओळखायचं: हा गुडघा, ही बरगडी, हा कान. गाईला कळ आली की तुमचा हात तिच्या कमरेच्या हाडात आणि वासराच्या अंगात असा चेपला जातो की बोटं बधिर होतात. कळ ओसरेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा बोटभर पुढे. दोरीचा फास बोटांच्या टोकावर धरून आत न्यायचा आणि वासराच्या खालच्या जबड्यात अडकवायचा. तो निसटतो. पुन्हा न्यायचा. हेरियट हे सगळं लिहितात आणि शेजारी शेतकऱ्याचे काका उभे करतात. दुसरा एक डॉक्टर किती हुशार आहे, तो हे काम कसं चुटकीसरशी करतो, याची तारीफ काका करत राहतात. आमच्याकडेही प्रत्येक गोठ्यात असे एक आण्णा असतात. आण्णा भिंतीला टेकून उभे राहतात आणि आधीच्या डॉक्टरची आठवण काढतात.

शेवटी वासरू जिवंत निघतं, गाय त्याला चाटायला लागते. शेतकरी विचारतो, काही प्यायला देऊ का? डॉक्टर कृतज्ञतेने हो म्हणायला जातो, तर शेतकऱ्याने ते गाईसाठी विचारलेलं असतं. वाचणारा हसतो आणि त्या हसण्यात त्याची छाती मोकळी होते. इथे संकट माणसाच्या आवाक्यातलं आहे. एक गाय, एक रात्र, दोन हात, एक दोरी. आणि ते कुठेतरी संपतं, या बाजूला किंवा त्या बाजूला. आपल्याला ज्या काळज्या पोखरतात त्या संपत नाहीत. त्यांना गोठाही नसतो आणि पहाटही नसते.

या माणसाचं खरं नाव जेम्स आल्फ्रेड वाइट. आल्फ म्हणत. जन्म ३ ऑक्टोबर १९१६, संडरलंडचा, वाढले ग्लासगोत. म्हणजे खेड्यातले नव्हेत, धुराच्या शहरातले. ग्लासगोच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून डिसेंबर १९३९मध्ये ते बाहेर पडले आणि १९४०च्या उन्हाळ्यात थर्स्क या बाजारगावी डोनाल्ड सिंक्लेअर यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून आले. घर नंबर २३, कर्कगेट. पुस्तकात थर्स्कचं डॅरोबी झालं, सिंक्लेअरांचे सिगफ्रीड फार्नन झाले, त्यांचा धाकटा भाऊ ब्रायन ट्रिस्टन झाला. स्वतःसाठी वाइटनी नाव घेतलं ते टीव्हीवर फुटबॉलचा सामना पाहताना दिसलेल्या एका गोलकीपरचं, कारण पशुवैद्याने स्वतःची जाहिरात करणं तिकडे व्यवसायाच्या नियमांत बसत नव्हतं. लिहायचं त्यांनी वर्षानुवर्षं मनात ठेवलं होतं. पत्नी म्हणाली, पन्नाशीतले डॉक्टर पहिलं पुस्तक लिहीत नसतात. तेव्हा कुठे ते टाइपरायटरसमोर बसले. पहिलं पुस्तक १९७०चं. १९७२मध्ये अमेरिकेतल्या प्रकाशकाने पहिली दोन पुस्तकं एकत्र करून 'ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल' या नावाने काढली आणि जग त्यांच्या दारात आलं. पुढचा तपशील, चित्रपट, बीबीसीची मालिका, हा सगळ्यांना ठाऊक आहे.

ते ज्या काळात या धंद्यात आले तो काळ मात्र नीट समजून घ्यायला हवा. जुनी औषधं अजून फडताळात होती आणि नवी येऊ लागली होती. कापूर नि अमोनियाच्या वासाचं, कशालाही चालणारं गुरांचं लाल औषध बाटलीतून पाजलं जाई. जनावर खोकलं, शेतकरी खूश झाला, रोग होता तिथेच राहिला. मग सल्फाच्या गोळ्या आल्या. त्यांच्यामागून पेनिसिलीन आलं. नांगराचे घोडे जात होते, ट्रॅक्टर येत होते. म्हणजे डॉक्टरच्या पेटीत फारसं काहीच नसण्याचे ते शेवटचे दिवस. हेरियटच्या पुस्तकांचं मर्म मला इथे सापडतं. औषध नसतं तेव्हा डॉक्टरकडे देण्यासारखं काय उरतं? तो येतो, अंगातला कोट काढतो, बाही सारतो आणि काम संपेपर्यंत थांबतो.

एक उदाहरण दुग्धज्वराचं घेतो, कारण आमच्या धंद्यातला चमत्कार म्हणावा असा हा एकच रोग आहे. नावात ज्वर असला तरी अंग थंड पडतं. भरपूर दुधाची गाय विते, दूध कासेत उतरतं आणि त्याबरोबर रक्तातलं कॅल्शियम एकदम ओढलं जातं. गाय बसते. मान वळवून डोकं कुशीवर टाकते, कान गार पडतात, डोळे विझल्यासारखे होतात. काही तासांत मरते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर कासेत पंपाने हवा भरत, आणि त्याने गाई खरोखर वाचत, कारण कास ताणली की दूध उतरणं थांबे. नंतर कॅल्शियम बोरोग्लुकोनेट आलं. कोमट केलेली बाटली, मानेची शीर, आणि थेंब थेंब सोडायचं. घाई केली तर हृदय थांबतं. एक हात सुईवर, कान छातीवर. बाटली निम्मी होते तोवर गाईच्या अंगावर बारीक थरथर उठते. ती ढेकर देते. शेण टाकते. मग पुढचे गुडघे टेकते आणि उठून उभी राहते, नि गव्हाणीत तोंड घालते. मघापर्यंत डोळ्याला पदर लावून बसलेली घरातली बाई आत चहा टाकायला जाते. हेरियटच्या पानांत असे प्रसंग येतात तेव्हा मी पुस्तक मिटून घेतो. वाचून झालेलं असतं म्हणून नव्हे. ती थरथर मला पुन्हा माझ्या तळहाताखाली जाणवते.

पण सगळ्या गाई उठत नाहीत, आणि हेरियट ते लपवत नाहीत. एका गल्लीत एकटा राहणारा म्हातारा, त्याची बायको गेलेली, जवळ फक्त एक म्हातारा कुत्रा. कुत्र्याच्या पोटात गाठ. करण्यासारखं काही उरलेलं नाही. डॉक्टर सुई देतो आणि कुत्रा वेदनेशिवाय जातो. म्हातारा पैसे विचारतो, डॉक्टर घेत नाही. डॉक्टर गाडीपर्यंत पोचतो तर म्हातारा मागून सपाता फरपटत येतो आणि कित्येक वर्षं जपून ठेवलेला एक सिगार त्याच्या हातावर ठेवतो. एवढीच गोष्ट. यात कोणी बरं झालेलं नाही. तरी ती वाचून माणसाचं मन का निवतं? मला वाटतं, म्हाताऱ्याने हाक मारली आणि कोणीतरी आलं, म्हणून. त्याच्या एवढ्याशा खोलीतल्या एवढ्याशा दुःखाला कोणी क्षुल्लक म्हटलं नाही, म्हणून. दिलासा बरं होण्यात असतो तसा तो असा, कोणी पाठ न फिरवण्यातही असतो, आणि दुसरा दिलासा जास्त टिकतो.

हे मी पुस्तकातून शिकलो असं म्हणता येणार नाही. माणदेशात नोकरीला असताना एका पावसाळी रात्री म्हैस अडल्याचा निरोप आला. वस्ती ओढ्यापलीकडे. म्हातारी एकटी, मुलगा मुंबईला गोदीत. आम्ही सगळे उपाय केले. रेडकू आतच मेलं होतं, ते तुकड्यातुकड्यांनी काढावं लागलं. म्हैस वाचली, पण त्या वेताचं दूध काही धड मिळणार नव्हतं, आणि त्या दुधावरच घर चालत होतं. मी हात धूत होतो. म्हातारी बॅटरी धरून उभी होती. म्हणाली, "डाक्टर, तुमी आलासा, ह्येच लई झालं." मला तेव्हा ते बोलणं म्हणजे शिष्टाचार वाटला. तिने साखर घालून काळा चहा दिला, म्हशीजवळ बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ती शिष्टाचार करत नव्हती. ती हिशेब सांगत होती.

हेरियटच्या सगळ्या गोष्टींत मला सर्वांत प्रिय आहे ती ब्लॉसम नावाच्या गाईची. डाकिन हा लहान शेतकरी. थोडी जनावरं, बेताची मिळकत. ब्लॉसम म्हातारी झालेली, तिची कास इतकी लोंबलेली की शेजारच्या गाईचा पाय तिच्या सडावर पडतो. डॉक्टर फाटलेला सड शिवतो. पुन्हा तेच होणार हे सगळ्यांना कळतं. दूध तर कमी झालेलंच. डाकिन तिला विकायचं ठरवतो. गुरं हाकणारा माणूस येतो, ब्लॉसम इतर जनावरांबरोबर रस्त्याला लागते, डाकिन तिच्याकडे पाहत नाही. नंतर डॉक्टर गोठ्यात दुसऱ्या जनावराचं काही करत असताना बाहेर खुरांचा आवाज येतो. ब्लॉसम परत आलेली असते. ती तडक आत येते, आपल्या नेहमीच्या जागेवर उभी राहते आणि वैरणीची वाट पाहू लागते.

माणदेशात किंवा कुठेही ज्याने दावणीची गाय बाजारात नेली आहे, त्याला हे पान दुसऱ्यांदा वाचायला लावू नका. मला मात्र त्यापुढचं पान महत्त्वाचं वाटतं. डाकिन गाय ठेवून घेतो, पण 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं काही म्हणत नाही. तो तिच्यासाठी वेगळी जागा शोधतो, जिथे कोणाचा पाय तिच्या सडावर पडणार नाही. आणि तिच्या अंगावर दोनतीन वासरं पाजायला सोडायचं ठरवतो, म्हणजे तिचा खर्च निघेल. गरीब शेतकऱ्याची दया अशी हिशेबातून वाट काढत जाते. पैसेवाल्याला दया करायला हिशेब लागत नाही. ज्याच्याकडे पैसा नाही त्याला दयेसाठीही वहीत जागा करावी लागते. हे हेरियटनी पाहिलं आणि कुठलाही शेरा न मारता लिहिलं. नुसत्या गोडव्यासाठी लिहिणाऱ्याच्या हातून वासरांचा तो तपशील गळला असता.

आता आक्षेपाकडे येतो. ही पुस्तकं म्हणजे गेलेल्या काळाचं साखरेत घोळलेलं चित्र आहे, असं म्हणणारे लोक आहेत. टीव्हीवरच्या मालिकांबद्दल मी ते थोडंफार मान्य करतो. नवी मालिका २०२०च्या सप्टेंबरमध्ये, महामारीच्या ऐन काळात ब्रिटनमध्ये सुरू झाली आणि घरात कोंडलेल्या लोकांनी तिला उराशी धरलं. तिच्यात घर जरा जास्तच उबदार आहे, चिखल जरा कमी आहे. उत्तरकाळातल्या पुस्तकांतही पहिल्या पुस्तकांची धार राहिली नाही, हे माझं मत आहे. पण खुद्द लेखकावर साखरेचा आळ घेणाऱ्यांनी त्याचं आयुष्य पाहावं.

वाइट यांचे चिरंजीव जिम, तेही पशुवैद्यच, यांनी वडिलांचं चरित्र १९९९मध्ये लिहिलं. त्यात कळतं की पुस्तकं यायच्या सुमारे दहा वर्षं आधी, १९६०च्या आसपास, वाइट यांना तीव्र नैराश्याने गाठलं होतं. विजेचे झटके देऊन उपचार करावे लागले. तिथून हा माणूस उठला, पुन्हा रात्रीच्या हाकेला जाऊ लागला आणि काही वर्षांनी लिहायला बसला. लिहिताना त्याने बऱ्याच गोष्टी हलवल्या. पुस्तकातली सुरुवात १९३७मधली आहे, प्रत्यक्षात ते थर्स्कला आले तेव्हा महायुद्ध पेटलेलं होतं. प्रसंग एकात एक मिसळले, माणसांची नावं-गावं बदलली. स्वतःचा अंधार तर त्याने पुस्तकात येऊच दिला नाही. काहींना ही फसवणूक वाटते. मला वाटत नाही. ज्याला अंधार माहीत नाही त्याने लिहिलेला उजेड आणि ज्याने तो भोगला आहे त्याने ठरवून लिहिलेला उजेड यांत फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात एक जबाबदारी असते. हा माणूस पहाटे थंडीत उठून दुसऱ्याच्या गोठ्यात जात होता. लिहितानाही त्याने तेच केलं.

वाइट २३ फेब्रुवारी १९९५ला गेले. त्याच वर्षी काही महिन्यांनी, पत्नीच्या मृत्यूनंतर, सिंक्लेअरांनी आपलं आयुष्य स्वतः संपवलं. पुस्तकात ज्यांच्या आरडाओरड्याने आपण पोट धरून हसतो, ते सिगफ्रीड. मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण या सभागृहात माझे काही तरुण सहकारी बसले आहेत. आमच्या धंद्यात आत्महत्यांचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असल्याचं ब्रिटनमधल्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. एकट्याने करायचं काम, अवेळी येणारी हाक, मरण स्वतःच्या हाताने द्यायची सवय आणि औषधं हाताशी. जो सगळ्यांच्या हाकेला जातो त्याची हाक कोणी ऐकायची, हा प्रश्न या पुस्तकांच्या कडेला उभा आहे. त्या हसत्या पानांवर मला ट्रिस्टन आणि जेम्स स्वयंपाकघरात रात्री उशिरा एकमेकांना दिवसभराचं सांगत बसलेले दिसतात तेव्हा मी त्याकडे निव्वळ विनोद म्हणून पाहत नाही. ते एकमेकांचं औषध होतं. तुम्हीही आपल्या तालुक्यातल्या दुसऱ्या डॉक्टरला रात्री फोन करत जा. केस विचारायला नव्हे, नुसतं बोलायला.

मोठी कीर्ती मिळाल्यावर वाइट काय करत होते? त्या काळी ब्रिटनमध्ये कमाईवरचा सर्वांत वरचा कर ८३ टक्के होता आणि अनेक लेखक-कलावंत कर वाचवायला देश सोडून गेले. वाइट थर्स्कचा परिसर सोडून गेले नाहीत. दवाखान्याबाहेर सह्या घ्यायला परदेशी वाचकांची रांग लागे, ते सह्या करत आणि मग जनावर तपासायला जात. आसपासच्या शेतकऱ्यांना त्यांच्या पुस्तकांचं फार कौतुक नव्हतं, आणि वाइटना तेच आवडायचं. ज्याची गाय आडवी पडली आहे त्याला डॉक्टर जगप्रसिद्ध असल्याशी काय देणंघेणं?

आपल्याकडे या सगळ्याचं काय? यॉर्कशरच्या हिरव्या टेकड्या इकडे आणायची मला गरज वाटत नाही. आमच्या दवाखान्यासमोरचा लोखंडी खोडा, बेंदराच्या आदल्या दिवशी शिंगं रंगवताना लाथ खाल्लेला पोरगा, मोटारसायकलच्या डिकीत कृत्रिम रेतनाचं कॅन, लाळ्या-खुरकुताच्या लशींचा बर्फ वितळायच्या आत गाठायची शेवटची वाडी, यात पुस्तकाला काही कमी नाही. मुंबईत परळला गुरांच्या डॉक्टरकीचं महाविद्यालय १८८६पासून आहे. तिथून बाहेर पडलेल्या पिढ्यान् पिढ्या या राज्याच्या गोठ्यांत रात्री जागल्या.

आणि बुळकांडी! तरुणांना हे नावही आठवणार नाही. गावातली गुरं चार दिवसांत साफ करणारा रोग. मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत १९२०च्या दशकात शेळीवर वाढवलेल्या विषाणूची लस तयार झाली, १९५४मध्ये देशभर निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, २००६मध्ये भारत रोगमुक्त जाहीर झाला, २०११मध्ये सारं जग. माणसाने पृथ्वीवरून संपवलेला हा दुसराच रोग, पहिला देवी. देवीवर पुस्तकं आहेत. बुळकांडी संपवली ती बैलगाडीतून लशी घेऊन फिरलेल्या माणसांनी, बाजाराच्या दिवशी नाक्यावर उभं राहून, टोचून घ्यायला तयार नसलेल्या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून. त्यांतले जे हयात आहेत ते आता फार म्हातारे झाले आहेत. त्यांच्या आठवणी मराठीत यायला हव्यात, आणि लवकर.

म्हणून माझी वाचनालयाला एक विनंती आहे, आणि तिच्याबद्दल मी अध्यक्षांशी आधी बोललो आहे. जिल्ह्यातल्या निवृत्त पशुवैद्यांकडे, ड्रेसरकडे, पट्टीबंधकांकडे जाऊन त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून घ्यावं. ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहावं. दवाखान्यातल्या रोजच्या नोंदवहीत मालकाचं नाव, गाव, जनावर, लक्षणं, उपचार हे रकाने भरलेले असतात, आणि शेवटचा शेऱ्याचा रकाना बहुतेक वेळा रिकामा. त्या रात्री गोठ्यात कोण उभं होतं, कोण काय बोललं, ते त्या रकान्यात लिहायला सुरुवात करा. माझ्या स्वतःच्या डायऱ्या घरी ट्रंकेत आहेत. पुढच्या रविवारी मी त्या इथे आणून देतो. अक्षर वाईट आहे, वाचायला कोणी तरुण मुलगा किंवा मुलगी दिलीत तर मी शेजारी बसून सांगेन.